मासाभर शिसं

एका वाक्यापाशी मी तीन आठवडे अडकून होते. अमेरिकन कथांचं भाषांतर हातात होतं. त्यातल्या सर्वांत छोट्या कथेत एक बाप आणि त्याचा मोठा झालेला मुलगा मिसिसिपीतल्या एका जलाशयावर मासे पकडायला बसलेले आहेत. मुलगा कुठून आला, काय गमावून आला, हे कथा सांगत नाही. बापही विचारत नाही. थंडी आहे, मासा लागत नाही. दीड-दोन पानं अशीच जातात. मग बाप मुलाची दोरी जवळ ओढतो, तिच्या टोकाचा एक सोळांश औंसाचा जिग सोडवतो, एक बत्तिसांश औंसाचा बांधतो आणि दोरी परत त्याच्या हातात देतो. एवढंच. पुढच्या पानावर मुलगा बोलायला लागतो.

‘एक सोळांश औंसाचा जिग काढून त्याने एक बत्तिसांश औंसाचा जिग बांधला,’ असं मी लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. सातवीच्या गणिताचं उदाहरण वाटलं. आता खाली ‘तर एकूण वजन कितीने कमी झाले?’ असं विचारतील, अशी भीती वाटली. मुळात त्या वाक्यात सगळी माया साठवलेली होती, आणि माझ्या मराठीत नुसता अपूर्णांक उरला होता.

माशाचं नाव क्रॅपी. हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, तळहाताएवढा किंवा थोडा मोठा, अंगाने चपटा, चंदेरीवर काळे ठिपके. आपल्याकडे तो नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. लुइझियानात त्याला ‘साकाले’ म्हणतात. फ्रेंच कानाला ते ‘दुधाची पिशवी’ असं ऐकू येतं, पण शब्द मूळचा चॉक्टॉ आदिवासींचा, ‘साकली’, आणि त्यांच्या भाषेत तो ट्राउट माशासाठी होता. म्हणजे एका भाषेतल्या माशाची दुसऱ्या भाषेत पिशवी झाली आणि ती तिसऱ्याच माशाला चिकटली. तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलेल्या बाईचा असल्या गोष्टींत तासन्‌तास वेळ जातो. माझाही गेला. वाक्य मात्र तिथेच होतं.

शेवटी टेनेसीत राहणाऱ्या मैत्रिणीला गाठलं. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांची निम्मी हयात क्रॅपीच्या मागे गेली आहे. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला तासभर शिकवलं. जिग म्हणजे गळाच्या मानेभोवती ओतलेली शिशाची गोळी. वजन आणि गळ एकाच तुकड्यात. गळावर मऊ रबरासारख्या प्लास्टिकचं आमिष चढवायचं, दीड ते दोन इंचांचं, छोट्या माशासारखं दिसणारं. क्रॅपीचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असतात. तो वर बघतो, वरून येणारं खातो, खाली वाकून सहसा खात नाही. त्यामुळे आमिष वरून सावकाश उतरायला हवं आणि त्याच्या डोळ्यांसमोर थोडं रेंगाळायला हवं. थंड पाण्यात तर तो अगदीच आळसावलेला असतो. घ्यावं की न घ्यावं हे ठरवेपर्यंत जड जिग त्याच्यासमोरून खाली निघून गेलेला असतो. वजन निम्मं केलं की उतरण्याचा वेग कमी होतो आणि माशाला विचार करायला वेळ मिळतो.

“मग सगळ्यांत हलकाच का नाही बांधत?” मी विचारलं.

“कारण मग तुम्हालाच काही कळत नाही,” ते म्हणाले. वारा असला की हलक्या जिगची दोरी धनुष्यासारखी वाकते. टोकाला काय चाललंय ते हातापर्यंत पोचत नाही, मासा तोंड लावून निघूनही जातो. खोल पाण्यात हलका जिग तळाजवळ पोचायला युगं लागतात. दोरी जाड असली तर तिचाच भार जिगवर येतो, म्हणून हलकं वजन वापरायचं तर दोरीही बारीक हवी. आणि नुसत्या वजनाचा विचार करून भागत नाही. आमिष मोठं लावलं तर ते पाण्यात छत्रीसारखं अडतं आणि त्याच वजनाचा जिग सावकाश उतरतो. गढूळ पाण्यात मोठं, भडक रंगाचं आमिष लावायचं, कारण माशाला ते दिसलं तर पाहिजे. स्वच्छ, थंड पाण्यात लहान आणि फिकं. या माशाचं तोंड कागदासारखं पातळ असतं. लागला म्हणून हिसका दिलात तर तोंड फाटतं आणि मासा जातो. एवढं सांगून त्यांनी नियम सांगितला: जे हाताला जेमतेम जाणवतं, त्यातलं सगळ्यांत हलकं वजन बांधा. त्याहून जड जे काही असतं, ते आपल्या उतावळेपणासाठी असतं.

डिसेंबरमध्ये मैत्रीण चेन्नईला आली तेव्हा तिने त्यांनी दिलेली एक छोटी पुडी आणली. तीत दोन्ही वजनांचे चार-चार जिग होते. मी ते जेवणाच्या टेबलावर ओतले आणि समोर बसलेले अण्णा पहिल्यांदाच पुढे झुकले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर रत्नागिरीचं घर बंद करून ते आमच्याकडे आले. आम्ही बेझंट नगरला राहतो. नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या मला इथे सतरा वर्षं झाली. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मी गॅलरीतून “अण्णा, चहा!” अशी हाक मारते तेव्हा समोरच्या मामी नवलाने बघतात, की या बाईला शहात्तर वर्षांचा भाऊ कसा. मी त्यांना दोनदा समजावलं, मग नाद सोडला.

अण्णांनीही बोलण्याचा नाद सोडला होता. तक्रार नव्हती. जेवत होते, झोपत होते, पेपर चाळत होते. विचारलं की “बरं” म्हणायचे. मी त्यांच्यासाठी काय काय केलं! महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना नेलं, दिवाळी अंकांचा गठ्ठा मागवला, बागेतल्या हास्यक्लबात नाव घातलं, तमिळ अक्षरओळखीचं पुस्तक आणलं. “अण्णा, आज जाऊ या का? अण्णा, हे वाचलंत का? अण्णा, आईच्या फोटोला फ्रेम कुठली करू?” मराठीत ‘गळ घालणे’ म्हणतात ते हेच. सात महिने मी रोज गळ घालत होते आणि रोज तो “बरं” घेऊन रिकामा परत येत होता. आईविषयी त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

रत्नागिरीला अण्णा एका पतसंस्थेत सोनेतारण बघायचे. समोर ठेवलेला दागिना काट्यावर जाण्याआधी हातात तोलायचे, आणि काटा बहुतेक वेळा त्यांचंच ऐकायचा. दर रविवारी मात्र भाट्याच्या खाडीवर गरवायला जायचे. हातदोरी, गळ, शिसं आणि डब्यात कोळंबी. मी लहानपणी कधी बरोबर गेले नाही. आई जायची.

टेबलावरचा एक जिग त्यांनी उचलला, तळहातावर ठेवला, हात किंचित वरखाली केला. “मासाभर,” ते म्हणाले. दुसरा उचलला. “हा दोन मासे. जरा कमीच.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी कागद ओढला. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे मासा ०.९७ ग्रॅम. औंस २८.३५ ग्रॅम, त्याचा बत्तिसावा हिस्सा ०.८९. दोन मासे १.९४ ग्रॅम, औंसाचा सोळावा हिस्सा १.७७. जरा कमीच. तीन आठवडे मी जे वजन शब्दकोशांत शोधत होते ते घरातच, पुढ्यातल्या खुर्चीवर, गप्प बसलेलं होतं. मासे पकडायच्या गोष्टीत वजनाचं नावही मासाच निघावं, याचं मला हसू आलं. “घडीत तोळा, घडीत मासा,” मी म्हटलं. अण्णा हसले नाहीत, पण जिग त्यांनी खाली ठेवला नाही. झोपायला जाताना मी पाहिलं तर त्यांच्या खोलीत रत्नागिरीहून आलेला गंजका पत्र्याचा डबा उघडा होता.

आमच्या घरापासून अड्यार नदीचं मुख जवळ आहे. तिथे १९७७ च्या पुरात खचलेला पूल तसाच उभा आहे. सगळे त्याला मोडका पूलच म्हणतात. संध्याकाळी तिथे पोरं हातदोऱ्या टाकून बसतात. आता अण्णा स्वतःहून तिकडे चालू लागले. एका मुलाच्या दोरीला वाटाण्याएवढं शिसं बघून म्हणाले, “एवढ्याशाने काय व्हायचंय! वाहून जाईल.” दहा मिनिटांत त्या मुलाला मासा लागला. अण्णा काही बोलले नाहीत. पण परत येताना त्यांची पावलं रेंगाळत होती.

आमच्या इस्त्रीवाल्याचा मेव्हणा मुट्टुकाडूला मासे पकडतो. इस्त्रीवाला त्याचा उल्लेख ‘मच्चान’ असाच करतो, तमिळमध्ये मेव्हण्याला म्हणतात तसा, म्हणून आमच्याही तोंडी तेच बसलं. एका रविवारी पहाटे आम्ही ईस्ट कोस्ट रोडने निघालो. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. गाडीतली शांतता मला सोसेना, म्हणून मी अण्णांना तिरुक्कुरळमधली गोष्ट सांगितली. जुगारावरच्या प्रकरणात तिरुवळ्ळुवर म्हणतात, की जुगारात जिंकणं म्हणजे माशाने गळ गिळण्यासारखं आहे. पण गळाच्या धातूसाठी तिथे ‘पोन्’ असा शब्द आहे. पोन् म्हणजे धातू, आणि नेहमीच्या वापरात सोनं. भाष्यकार तिथे लोखंड असा अर्थ घेतात. भाषांतर करणाऱ्याने काय लिहायचं, सोनं की लोखंड?

अण्णांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. “माशाला सोनंच दिसत असणार. लोखंड असल्याचं आपल्याला माहीत.”

मुट्टुकाडूची खाडी बोटहाऊसमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथेच निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं प्रायोगिक केंद्र आहे. कोडुवा माशाचं बंदिस्त प्रजनन भारतात पहिल्यांदा याच संस्थेने १९९७ मध्ये साधलं. कोडुवा म्हणजे रायगडातला जिताडा, गोव्यातला चोणक. ही माहिती मी देत होते तेव्हा मच्चान समोर येऊन उभा राहिला होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला टॉवेल. अण्णांना त्याने “अय्या” म्हणून हात जोडले आणि त्यांच्या डब्यात डोकावला.

डब्यात रत्नागिरीची शिशं होती. फाटक्या जाळ्याच्या कडेची, आवळ्याएवढी, सुपारीएवढी. अण्णांनी सुपारीएवढं एक निवडलं, दोरीत ओवलं आणि टाचण्यासाठी दाताखाली धरलं. मी ओरडले. “अण्णा, शिसं विषारी असतं! इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी आणली!” तेच मी मच्चानसाठी तमिळमध्ये सांगितलं. त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि आपल्या दोरीचं शिसं दातांनीच टाचलं.

मग त्याने अण्णांच्या दोरीकडे बोट दाखवून मान हलवली. “वेट जास्ती,” तो म्हणाला.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण अण्णांनी तेवढ्यात विचारलंही होतं, “जास्ती? कशाला जास्ती?” जास्ती हा शब्द चेन्नईतही जास्तीच आहे, आणि कमी इथे ‘कम्मी’ होतं, एवढाच फरक. दोघांच्याही भाषांत हे शब्द बाहेरून आलेले, बाजारातून, दप्तरातून. पुढचा अर्धा तास त्या दोघांचं सगळं शास्त्र या दोन शब्दांवर चाललं.

खाडीच्या पाण्याकडे हात करून मच्चान म्हणाला, “कम्मी.” अण्णांनी पाण्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. रत्नागिरीला भरती-ओहोटीचं पाणी दोन मीटरांच्या वर चढतं-उतरतं. भाट्याच्या खाडीत ओढ अशी असते की हलकं शिसं पार पुलाखाली नेऊन सोडते. तिथे दोरी तळाशी धरून ठेवायला सुपारी हवीच. चेन्नईचा समुद्र जेमतेम मीटरभर हलतो, आणि मुट्टुकाडूच्या खाडीचं मुख तर वर्षातले काही महिने वाळूने बुजलेलं असतं. पाणी जवळपास उभंच. त्या पाण्यात अण्णांची सुपारी दगडासारखी पडून तळाच्या गाळात रुतली असती आणि आमिषही गाळात गेलं असतं. पन्नास वर्षं बरोबर असलेलं वजन इथे चुकीचं होतं. त्यात हाताची काही चूक नव्हती, फक्त पाणी बदललं होतं.

अण्णांनी सुपारी काढून डब्यात टाकली. मच्चानने त्यांना वाटाण्याहूनही लहान गोळी दिली. ती त्यांनी तळहातावर तोलली, मला बघायचं होतं तसंच. “तीन मासे,” ते मला म्हणाले.

आमिषाची गोष्ट तशीच झाली. अण्णांनी सवयीने अख्खी कोळंबी लावली. मच्चानने ती परत मागितली, सोलली, तिचा नखाएवढा तुकडा केला आणि गळाच्या टोकापर्यंत सरळ ओवला. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून जेमतेम फट ठेवली आणि तोंडाकडे नेली. तोंड एवढंसं आहे. “किळंगान,” तो म्हणाला. मला हा मासा बाजारातून माहीत होता, मी अण्णांना म्हटलं, “मुडदुशी.” मुडदुशी वाळूत तोंड खुपसून छोटे किडे आणि कोळंब्या टिपते. मोठं आमिष ती कुरतडून नेते आणि गळ तिच्या तोंडात जातच नाही. कोडुव्याची गोष्ट उलट. त्याचा जबडा मोठा, तो पाण्यासकट भक्ष्य खेचून घेतो, त्याला अख्खी जिवंत कोळंबी लागते, नाहीतर तीन-चार इंचांचं रबरी आमिष आणि त्याला पेलेल असं दहा ग्रॅमचं जिगचं डोकं. आधी मासा ठरवायचा, मग त्याचं तोंड, मग आमिष, मग पाणी, आणि सगळ्यांत शेवटी शिसं. आम्ही शिशापासून सुरुवात केली होती.

मला तेव्हा ‘मानसोल्लास’ आठवला. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात तो संस्कृतात रचवला. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी आपण त्याचं नाव घेतो. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. दोरी कशाची करावी, गळ कसा असावा, कुठल्या माशाला काय चारावं, हे राजेसाहेब माशागणिक सांगतात. भाषांतरासाठी शब्द मिळतील म्हणून मी तो धुंडाळला होता. गळाला ‘बडिश’ असा सुंदर शब्द मिळाला, पण मिसिसिपीतल्या म्हाताऱ्याच्या हातात तो द्यायची हिंमत झाली नाही. इथे काठावर बसून एवढं मात्र कळलं, की तो राजा आणि हा मच्चान एकाच क्रमाने विचार करत होते.

मी पिशवीतून अमेरिकेचे जिग काढून दाखवले. मासाभराच्या जिगचं डोकं लाल रंगवलेलं होतं आणि त्यावर काळा ठिपका, माशाचा डोळा म्हणून. मच्चानने तो चिमटीत धरला आणि खदखदून हसला. “कुंडुमणी!”

“गुंज,” अण्णा लगेच म्हणाले. कुंडुमणी म्हणजे तीच, लालभडक, काळ्या तोंडाची गुंज. तमिळ घरांतही सोनं तिने तोललं जायचं. घरात कुंडुमणीएवढंसुद्धा सोनं नाही, असं इथे गरिबी सांगताना म्हणतात. अण्णांनी आठ बोटं दाखवली. आठ कुंडुमण्या मिळून हा एक. मच्चानने मान डोलावली, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. सतरा वर्षं या शहरात भाषांतरं करणारी मी त्या दोघांच्या मधे बसले होते आणि माझ्याकडे करण्यासारखं काही काम नव्हतं.

ऊन चढायच्या सुमारास अण्णांची दोरी हलली. त्यांनी ती हिसकली नाही. तर्जनीवर धरून ठेवली, डोळे मिटले. मच्चान पुटपुटला, “मेल्ल, मेल्ल.” सावकाश. मला अण्णांच्या बोटाशी दोरी थरथरताना दिसली, पाण्यात एक चंदेरी रेघ वळली आणि मी किंचाळले, “अण्णा, ओढा! ओढा ना!”

त्यांनी दचकून ओढलं. दोरी सैल झाली. गळ वर आला तो मोकळा.

कोणी काही बोललं नाही. मच्चानने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मला रडू येईल असं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काही लागलं होतं, आणि ते मी घालवलं होतं.

“तुझी आई असती तर ओरडली नसती,” अण्णा म्हणाले.

मी पाण्याकडे बघत राहिले. विचारायच्या दहा गोष्टी तोंडाशी आल्या. त्यातली एकही बाहेर पडू दिली नाही. कशी ते मला सांगता येणार नाही. अण्णांनी कोळंबीचा नवा तुकडा काढला, मच्चानने दाखवला होता तसा सरळ ओवला आणि दोरी टाकली. बराच वेळ गेला.

“ती मासे धरायला येत नव्हती,” ते म्हणाले. “घरात गर्दी असायची. तिला कोणाशी बोलायला लागू नये म्हणून यायची. दोन-दोन तास बसायची. मी विचारायचो, कंटाळा नाही येत? तर म्हणायची, तुम्ही गरवा हो, माझं चाललंय.” मग थोडं थांबून, “शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलात मी फार बोलत होतो गो. सारखा. हे खा, ते पी, आज बरं वाटतंय का. तिला बोलवत नव्हतं. मी बोलतच होतो.”

एवढं ते सलग बोलले. मराठी न कळणारा मच्चान पाण्याकडे तोंड करून बसला होता. तो जरासा पुढे सरकला, आमच्याकडे पाठ येईल असा.

त्या दिवशी अण्णांना चार मुडदुश्या मिळाल्या. त्यातली एक अगदीच लहान होती म्हणून सोडली. कोडुवा दिसलासुद्धा नाही. घरी मी मुडदुश्या रवा लावून तळल्या, आणि अण्णांनी काटे माझ्या मुलीला काढून दिले.

त्या रात्री मी ते वाक्य लिहिलं. ‘बापाने मुलाची दोरी जवळ ओढली, दोन मासे वजनाचा जिग सोडवला आणि मासाभराचा बांधून दोरी परत त्याच्या हातात दिली.’ जिग हा शब्द जिगच ठेवला. आधीच्या परिच्छेदात शिशाच्या लाल डोक्याचा उल्लेख मुळातच होता, तेवढा पुरे होता. माझ्यातल्या एम. ए.ने अर्थातच हरकत घेतली: मिसिसिपीतला म्हातारा सोनाराच्या वजनात विचार करील का? नाही करणार. पण औंसाचा बत्तिसावा हिस्सा हे त्याच्या दृष्टीने गणित नव्हतं. ते त्याच्या हाताला ठाऊक असलेलं वजन होतं. मराठीत असं, हाताला ठाऊक असलेलं, ग्रॅमच्या आतबाहेरचं वजन मला एवढंच सापडलं. ते वापरात राहिलेलं नाही, हेही खरं. मागच्या पिढीबरोबर ते जाईल.

संपादकांचा निरोप आला: ‘माशाच्या कथेत मासाभर? वाचक गोंधळेल. तळटीप द्यावी.’ मी तळटीप लिहून पाहिली. गुंजा, तोळे, ग्रॅम, सगळं घालून सहा ओळींची झाली. ती पानाच्या तळाशी सुपारीएवढ्या शिशासारखी बसली आणि वाक्य तिच्यामागून खाली गेलं. मी ती काढली. क्षणभर गोंधळलेला वाचक बहुधा तिथे थोडा रेंगाळेल, आणि नाही रेंगाळला तर ती जोखीम आहे. तसं संपादकांना कळवलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

परवा शनिवारी रात्री अण्णांच्या खोलीत गेले तर ते डबा आवरत होते. सुपारीएवढी शिशं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली होती, आईच्या फोटोशेजारी. फोटोला अजून फ्रेम नाही. डब्यात वाटाण्याएवढ्या गोळ्या आणि एक लाल डोक्याचा जिग.

“उद्या किती वाजता निघायचं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.